गादीवरचा लॅपटॉप आणि त्याचा पंखा

एप्रिल महिन्याची २० तारीख व्यापाऱ्याच्या घरी सहसा शांत जात नाही. आर्थिक वर्षातील शेवटच्या महिन्याचे, म्हणजे मार्चचे, जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याचा तो अखेरचा दिवस. इचलकरंजीतील आमच्या सुताच्या पेढीवर त्या सायंकाळी दिवाणजी गादीवर बसून लॅपटॉपवर आकडे जुळवीत होते. दुपारपासूनच त्या यंत्रातून सुस्काऱ्यासारखा आवाज येत होता. पाचच्या सुमारास तो इतका वाढला की समोर बसलेल्या दलालाने हसत विचारले, "काय शेठ, पिठाची गिरणी घातली की काय?"

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात व बाजारात सारेच अण्णा म्हणतात, ते मात्र हसले नाहीत. "दिवाणजी, ते बंद करा हो. पेटेल एखादे वेळी."

"आत्ता बंद केलं तर आजची तारीख हातची जाईल, अण्णा," दिवाणजी मान वर न करताच म्हणाले.

सहा वाजता निराळेच संकट उभे राहिले. पंख्याचा आवाज तसाच, पण यंत्र मात्र गोगलगाईच्या चालीने चालू लागले. कळ दाबावी आणि अंक उमटण्याची वाट पाहावी. प्रथम आम्ही इंटरनेटला दोष दिला, मग हिशेबाच्या फाइलला. विवरणपत्रास उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के दराने व्याज. रक्कम मोठी नसली तरी ज्या पेढीने कधी तारीख चुकवली नाही, तिला ती बोचतेच. तेवढ्यात महाविद्यालयातून परतलेल्या पुतण्याने यंत्राखाली हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "काका, आधी हे गादीवरून उचला." त्याने लॅपटॉप शहाबादी फरशीवर ठेवला, मागची बाजू दोन लाकडी पट्ट्यांवर किंचित उचलली आणि उगाच उघडी राहिलेली दहा-बारा पाने बंद केली. पंधरा-वीस मिनिटांत आवाज उतरला व यंत्र पुष्कळसे पूर्ववत चालू लागले. रात्री साडेनऊला विवरणपत्र दाखल झाले.

पुतण्याने जे केले त्यात जादू नव्हती. पण त्यातले काहीच आम्हा वडीलधाऱ्यांस ठाऊक नव्हते, याची मला खंत वाटली. चोपड्यांना कसर लागू नये म्हणून आपल्या घरांतून किती काळजी घेतली जात असे. आज चोपडीची जागा या यंत्राने घेतली, त्याची निगा मात्र आपण कोणाकडून शिकलोच नाही. त्यानंतर वाचून, दुरुस्ती करणाऱ्यास विचारून आणि स्वतःच्या यंत्राकडे लक्ष ठेवून जे उमगले, ते येथे मांडतो.

लॅपटॉपमध्ये जाणारी जवळजवळ सगळी वीज अखेरीस उष्णतेतच रूपांतरित होते. आकडेमोड हे त्या विजेचे काम खरे, पण काम झाल्यावर ती नाहीशी होत नाही, ऊब होऊन मागे उरते. या उष्णतेचा मोठा वाटा प्रोसेसर नावाच्या एका चिपमध्ये निर्माण होतो. हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर सतत १५ ते २८ वॅट, तर चित्रफिती किंवा खेळ यांसाठी बनवलेल्या भारी यंत्रातील प्रोसेसर ४५ वॅट किंवा त्याहून अधिक वीज वापरतो. विजेच्या जुन्या दिव्याच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक वाटेल. खरी अडचण जागेची आहे. कापडाच्या धंद्यातील माणसाला इस्त्रीचे उदाहरण चटकन पटेल. १,००० वॅटची इस्त्री आपली उष्णता सुमारे २०० चौरस सेंटीमीटर पत्र्यावर पसरते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ५ वॅट. अंगठ्याच्या नखाएवढ्या, दीड चौरस सेंटीमीटरच्या चिपमधून ३० वॅट बाहेर पडत असतील, तर तेच प्रमाण २० वॅट होते. इस्त्रीहून चौपट दाट उष्णता बोटभर जाडीच्या पेटीत सांभाळायची, असा हा मामला आहे.

ती उष्णता तेथून बाहेर नेण्याची व्यवस्था पाहिली की कौतुक वाटते. चिपवर तांब्याची पट्टी बसवलेली असते. दोहोंमध्ये सूक्ष्म फटी राहू नयेत म्हणून मलमासारखा एक लेप असतो, त्यास थर्मल पेस्ट म्हणतात. पट्टीपासून तांब्याची एक चपटी नळी निघते. ती भरीव असावी असे वरून वाटते, पण ती पोकळ व दोन्ही टोकांना बंद असते आणि आत अगदी थोडे पाणी असते. आतील हवा काढून घेतलेली असल्याने ते पाणी कमी तापमानालाच उकळते. चिपच्या बाजूस त्याची वाफ होते, ती दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते व पुन्हा पाणी होऊन नळीच्या आतील सच्छिद्र अस्तरातून, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे, मागे येते. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी सिद्ध केली, आणि अंतराळयानांसाठी उपयोगी पडलेली ही युक्ती आज आपल्या पेढीवरच्या यंत्रात मुकाट्याने काम करते आहे. नळीच्या दुसऱ्या टोकाला कागदाच्या चळतीसारखी दिसणारी धातूची पातळ पाती असतात, आणि त्या पात्यांवर वारा घालण्यासाठी असतो पंखा. बहुतेक यंत्रांत तो तळाच्या जाळीतून हवा आत ओढतो व मागच्या किंवा बाजूच्या फटीतून बाहेर टाकतो.

तळाच्या जाळीतून, हे शब्द पुन्हा वाचावेत. आमच्या पेढीवर लॅपटॉप ठेवला जात होता तो कापसाच्या गादीवर, पांढऱ्या चादरीवर. गादी दबून जाळीला चिकटे आणि पंखा रिकाम्या नळातून पाणी ओढावे तसा धडपडत राही. ज्या बैठकीने आपल्या व्यापाराला पिढ्यान्‌पिढ्या शोभा दिली, तीच या यंत्राचा श्वास कोंडत होती.

आता पंख्याच्या वर्तनाकडे वळू, कारण गैरसमज येथेच अधिक आहेत. आवाज आला म्हणजे यंत्र बिघडले, असे बहुतेकांस वाटते. वस्तुतः पंख्याचा वेग सतत बदलत राहणे हे यंत्र शुद्धीवर असल्याचे लक्षण आहे. आतील तापमान मोजणारे सेन्सर एका छोट्या नियंत्रकाला माहिती देत असतात आणि तो पायरीपायरीने वेग वाढवतो वा उतरवतो. काम हलके असेल तेव्हा अनेक लॅपटॉपचे पंखे पूर्ण थांबतात, तेही योग्यच. समजा, ६० अंश सेल्सिअसला पंखा सुरू होण्याची योजना आहे. मग ५९ अंश होताच तो थांबत नाही, ५० च्या आसपास उतरेपर्यंत फिरत राहतो. असे नसते तर दर मिनिटाला सुरू-बंद होऊन त्याने कान किटवले असते. घरातील फ्रिजचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

सकाळी यंत्र सुरू करताच पंखा जोरात फिरतो आणि पाच-दहा मिनिटांत शांत होतो, याचेही अनेकांना कोडे वाटते. त्या वेळी पडद्यामागे विषाणू तपासणी, नव्या सुधारणा उतरवून घेणे अशी कामे चालू असतात. मोठी फाइल उघडताना तर प्रोसेसर काही क्षणांपुरती नेहमीच्या दुप्पट वा त्याहून अधिक वीज घेतो. चिपचे वस्तुमान इवलेसे, म्हणून तिचे तापमान एक-दोन सेकंदांत ५० वरून ८५ वर जाऊ शकते. तांबे व पाती मात्र सावकाश तापतात आणि सावकाशच निवतात. म्हणूनच काम संपल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो. आणखी एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट वाहते, पण त्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने चढतो. म्हणून निर्माते त्याला होता होईल तो हळूच फिरवतात. थोडी उष्णता चालेल पण कटकट नको, असा तो सौदा असतो.

मग चिंता केव्हा करावी? माझ्या मते एक साधी परीक्षा पुरेशी आहे. विंडोजच्या यंत्रात कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर किती टक्के कामात आहे ते दिसते. तो ६०-७० टक्के कामात असेल आणि पंखा ओरडत असेल, तर दोष पंख्याचा नव्हे, कामाचा. कोणता प्रोग्राम एवढे काम करतो आहे ते त्याच पानावर दिसेल. परंतु प्रोसेसर ५ टक्क्यांवर स्वस्थ बसला असून पंखा तासन्‌तास घोंघावत असेल, तर उष्णतेची वाट कुठेतरी अडली आहे, असे निश्चित समजावे. आवाजाची जातही ऐकावी. वाऱ्याचा सरसर आवाज निरोगी असतो. खरखर किंवा टकटक ऐकू आली तर पंख्याचे बेअरिंग झिजले आहे वा पात्यात काही अडकले आहे. आणि यंत्र चटका देण्याइतके तापले असूनही पंख्याची हालचालच नसेल, तर ते मौन सर्वांत वाईट.

प्रत्यक्ष तापमान पाहायचे असल्यास कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारखे विनामूल्य प्रोग्राम मिळतात. मात्र आकडा पाहून धसका घेऊ नये. माणसाला १०० अंशांची कल्पनाच भयंकर वाटते, कारण आपण तिचा संबंध उकळत्या पाण्याशी जोडतो. लॅपटॉपचे बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपासची मर्यादा धरूनच बनवलेले असतात. काहींची ती ९५, काहींची १०५ असते. स्वस्थ असताना ४० ते ५५, नेहमीच्या कामात ६० ते ८० आणि जड कामात ९० च्या घरात क्षणभर जाऊन येणे, हे सर्वसाधारण आहे. हलक्या कामातही आकडा ९० च्या वर मुक्काम ठोकून राहिला, तर दुरुस्तीवाल्याकडे जावे.

मर्यादा गाठल्यावर काय होते? येथेच आमच्या त्या सायंकाळचे रहस्य दडलेले आहे. प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. वेग उतरला की वीज कमी लागते, वीज कमी लागली की उष्णता घटते. तेवढ्यानेही भागले नाही, तर यंत्र स्वतःस पूर्ण बंद करते. ही सोय पूर्वी सर्वत्र नव्हती. टॉम्स हार्डवेअर या संगणकविषयक प्रकाशनाने २००१ मध्ये चालू संगणकांतील प्रोसेसरवरचे थंडाव्याचे भाग मुद्दाम काढून पाहिले होते. त्या वेळचा एएमडीचा अ‍ॅथलॉन पाहता पाहता जळून गेला, तर इंटेलचा पेंटियम ४ नुसता मंदावला आणि भाग परत बसवताच पुन्हा पळू लागला. पुढे सर्वच निर्मात्यांनी अशी संरक्षणव्यवस्था चिपमध्ये अंतर्भूत केली. तेव्हा "पेटेल" ही अण्णांची भीती प्रोसेसरपुरती निराधार होती. यंत्र बिघडले नव्हते, ते जीव वाचवण्यासाठी हळू चालत होते, आणि आम्ही मात्र नवा लॅपटॉप घेण्याची भाषा करू लागलो होतो.

खोलीचे तापमानही विसरून चालणार नाही. पंखा यंत्राला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो केवळ उष्णता बाहेर टाकतो. म्हणून खोली २५ अंशांवरून ४० वर गेली, की तेच काम करताना आतील आकडाही ढोबळमानाने १५ अंशांनी चढतो. अकोला वा जळगावच्या मे महिन्यात यंत्र कोकणातल्या पावसाळ्यापेक्षा जास्त ओरडले तर त्यात नवल नाही. अनेक निर्माते वापरासाठी ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य मानतात. आपल्याकडील पत्र्याच्या छताखालची गोदामे दुपारी ही मर्यादा सहज ओलांडतात. तेथे जड कामे सकाळी उरकावीत, हे उत्तम. पाण्याच्या कूलरचा ओलसर झोत थेट यंत्रावर मात्र सोडू नये.

एक गोष्ट घरातील मुलांसाठी. लॅपटॉप या शब्दाचा अर्थ मांडीवरचा असा असला, तरी तासन्‌तास तो उघड्या त्वचेवर ठेवणे बरे नव्हे. शेगडीजवळ रोज बसणाऱ्यांच्या पायांवर किंवा कांगडी वापरणाऱ्या काश्मिरी लोकांच्या अंगावर जाळीदार तपकिरी डाग पडतात, हे वैद्यांना पूर्वीपासून माहीत आहे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनी तसाच डाग बारा वर्षांच्या एका मुलाच्या मांडीवर पाहिला. तो मुलगा रोज कित्येक तास लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळत असे.

उष्णतेचा खरा बळी प्रोसेसर नव्हे, बॅटरी आहे, आणि अण्णांच्या भीतीत तथ्य असेलच तर ते येथे आहे. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या स्थितीत सतत उबेत राहिली की लवकर म्हातारी होते. पेढीवर तर दिवसभर चार्जर लावलेलाच असतो. अनेक लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. एका जागी बसून काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी. जुन्या बॅटरीत वायू साठून ती फुगू लागते, तेव्हा टचपॅड वर उचलला जातो, झाकण नीट मिटत नाही किंवा सपाट मेजावरही यंत्र डुगडुगते. असे दिसताच चार्जर काढावा, यंत्र बंद करावे आणि अधिकृत दुरुस्ती केंद्रात न्यावे. फुगवटा दाबून बसवण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. भोक पडल्यास ती खरोखरच पेट घेऊ शकते. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

प्रवासातील एक धोका असाच दुर्लक्षित राहतो. झाकण मिटले म्हणजे यंत्र बंद झाले, असे समजून आपण ते पिशवीत टाकतो. आजचे अनेक लॅपटॉप झाकण मिटल्यावर केवळ डुलकी घेतात आणि मधूनच जागे होऊन काम करू लागतात. पिशवीत हवा नाही, पंखा फिरून उपयोग नाही. मुंबईहून परतताना माझ्या पिशवीतून यंत्र गरम भाकरीसारखे निघाले, तेव्हापासून मी ते शटडाउन करूनच पिशवीत ठेवतो.

आमचे यंत्र दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने तळ उघडून पंखा बाजूला केला आणि धातूच्या पात्यांवरून चिमट्याने एक राखाडी पट्टी सोलून काढली. नमदा असावा तशी, बोटभर लांबीची. सुताचे तंतू पंख्यातून आत जात होते आणि पात्यांच्या तोंडाशी साचून चार वर्षांत त्यांची चादर विणली गेली होती. सूत-कापडाच्या दुकानांत हे ठरलेलेच, असे तो म्हणाला. सांगलीच्या पेठेतून येणाऱ्या यंत्रांत हळदीची भुकटी निघते, ती तर ओलाव्याने घट्ट बसते. त्याने लेपही बदलला, कारण जुना वाळून खडूसारखा झाला होता. सारा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीपुढे नगण्य होता.

धुळीचा धंदा असेल तर वर्षातून एकदा, एरवी दोन-तीन वर्षांतून एकदा अशी सफाई करून घ्यावी. लेप तीन-चार वर्षांनी पाहावा. घरच्या घरी ब्लोअर वापरायचाच झाला, तर यंत्र पूर्ण बंद करून, पंख्याचे पाते काडीने अडवून, दुरूनच वारा मारावा. जोराच्या झोताने पंखा भलत्याच वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते. बाजारात मिळणारे पंख्यांचे स्टँड थोडाफार उपयोग करतात, विशेषतः तळातून हवा घेणाऱ्या यंत्रांना. पण आत चादर विणली गेली असताना बाहेरून वारा घालणे म्हणजे बंद खिडकीवर पंखा रोखण्यासारखे आहे. नुसती मागची बाजू दोन बोटे उचलली तरी पुष्कळ काम होते.

आमच्या माळ्यावर दिवाणजींच्या आधीच्या मुनीमांचे उतरते मेज पडून होते. खालच्या कडेला पट्टी असलेले, चोपडी घसरू नये म्हणून बनवलेले. सुताराकडून त्याच्या फळीत चार लांबट खाचा पाडून घेतल्या आणि ते गादीवर मांडले. लॅपटॉप आता त्यावर बसतो. अण्णांचा धाक अजून पुरता गेलेला नाही. पंख्याचा आवाज चढला की ते चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, "दिवाणजी, काम चाललंय की नुसताच ओरडतोय?"

दिवाणजी तीन कळा दाबतात, पडद्याकडे पाहतात आणि सांगतात, "काम चाललंय, अण्णा. सत्तर टक्के."